चौतीस पदार्थ स्थगित

"जमल्यास लिहून ठेवा," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की समोरच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन अवघडून बसलेल्या या म्हाताऱ्याला साठ-सत्तर वर्षांत खऱ्या अर्थानं जमलेली गोष्ट ती एकच होती. सायकल जमली नव्हती, पोहणं जमलं नव्हतं, चारचौघांत बोलणं तर मुळीच जमलं नव्हतं. लिहून ठेवणं मात्र जमलं होतं. छत्तीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात सूचीकार म्हणून त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळी इमारत त्यांना सूचीकाका म्हणत असे.

लिहायचं होतं ते सूचीकाकांच्या नातीबद्दल. नात साडेतीन महिन्यांची. तिला घरात बाईसाहेब म्हणत, कारण तिचा कारभार तसाच होता. बाईसाहेब आईचं दूध आवडीनं पीत, दोन मिनिटं छताकडे विचारपूर्वक बघत, आणि मग प्यायलेल्यातलं बरंचसं परत करत. ज्याच्या खांद्यावर असतील त्याला करत. जावई जहाजावर इंजिनिअर, सहा महिने पाण्यावर. लेक बाळंतपणानंतर वडिलांकडेच राहिलेली. आणि सूचीकाकांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झालेली. तेव्हा खांदे घरात एकूण चार, आणि त्यातले दोन कायम आजोबांचे. महिन्याभरात काकांच्या एकूण एक शर्टाला दह्यासारखा वास येऊ लागला होता, आणि वाचनालयात त्यांच्या शेजारची खुर्ची हमखास रिकामी राहू लागली होती. वाचनासाठी हे सोयीचं होतं, पण मनाला लागत होतं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी बाईसाहेबांना उलटंसुलटं करून पाहिलं, वजन पाच किलो चारशे म्हणजे उत्तम असं सांगितलं, आणि म्हणाल्या, की या वयात पुष्कळ मुलं दूध ओकतात. बसायला-चालायला लागली की आपोआप थांबतं. फक्त गालावर पुरळ आहे आणि पिताना रडते, म्हणून आईनं दोन आठवडे गाईम्हशीचं दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करून बघावेत. मग पुन्हा सुरू करून बघावेत. बाकी सगळं खावं, पोटभर खावं. आणि जमल्यास लिहून ठेवावं.

सूचीकाकांनी घरी येऊन हे सगळं नीट कार्डावर उतरवलं. "दूध बंद" हे मुख्य नोंदीखाली गेलं. "लिहून ठेवणे" याला स्वतंत्र कार्ड मिळालं. "पुन्हा सुरू करून बघणे" आणि "बाकी सगळं पोटभर खाणे" ही दोन वाक्यं कुठल्याच विषयाखाली बसेनात, म्हणून त्यांनी ती "किरकोळ" या खणात टाकली. किरकोळ या खणात गेलेलं काहीही छत्तीस वर्षांत पुन्हा कुणाच्या नजरेस पडलेलं नव्हतं.

इथे त्या ग्रंथालयाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. (तसं ते होतंच, पण त्याला पद्धत होती.) तिथे कुणाही वाचकानं एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार केली, तर ते पुस्तक कपाटातून काढायचं, त्याला "स्थगित" अशी चिठ्ठी लावायची, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत मागच्या खोलीत ठेवायचं. समिती काकांच्या नोकरीत दोनदा बसली. दोन्ही वेळा सभासद पुरेसे जमले नाहीत. त्यामुळे मागच्या खोलीत जायला रस्ता होता, यायला नव्हता. मधमाशा पाळण्याविषयीचं एक अत्यंत निरुपद्रवी पुस्तक, पानं चिकटतात या तक्रारीवरून, तिथे एकोणीस वर्षं पडून होतं. काकांना त्या पुस्तकाबद्दल वाईट वाटे. पण त्याला परत आणण्याचा छापील अर्जच नव्हता, आणि छापील अर्ज नसलेली गोष्ट करण्याची त्यांची छाती नव्हती.

तर पहिल्या आठवड्यात दूध, दही, लोणी आणि चीज स्थगित झालं. काकांनी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट त्यासाठी मोकळं केलं आणि चार चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या बाजूला बाईसाहेबांच्या कामगिरीचं वर्गीकरण सुरू झालं. ओघळ, गुळणी आणि कारंजं असे तीन मुख्य वर्ग. ताजं आणि फाटलेलं असे उपवर्ग. वेळ, स्थळ आणि शेरा. स्थळाच्या रकान्यात सुरुवातीला फक्त डावा खांदा आणि उजवा खांदा होते. पुढे तिथे वर्तमानपत्र, चष्मा आणि एकदा पोस्टमास्तर अशीही नोंद आली.

पोस्टमास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. ते सहज चौकशीला आले, बाईसाहेबांना कौतुकानं उचलून घेतलं आणि तिसऱ्या वर्गात गेले. शर्ट पुसता पुसता त्यांनी लेकीकडे बोट दाखवून विचारलं, की ही अंडी खाते का. लेक म्हणाली, रोज दोन. पोस्टमास्तरांनी असा चेहरा केला, की जणू पत्ता न लिहिलेलं पाकीट हाती आलंय. त्यांच्या मेव्हण्याच्या नातवाचं सगळं अंड्यांवरून झालं होतं म्हणे.

ही तक्रार होती. तोंडी असली तरी तक्रारच होती. काका रात्रभर अस्वस्थ राहिले आणि सकाळी अंड्यांना चिठ्ठी लागली.

मग बांध फुटला. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू कोबीविरुद्ध आल्या. कोबी गेला, त्याच्या ओळखीनं फ्लॉवर गेला. तळमजल्यावरच्या शिंप्यानं बाईसाहेबांसाठी लाळेरी शिवून आणली आणि जाता जाता कांद्याचं नाव घेतलं. शिंपी माणूस मोजकं बोलणारा, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन. कांदा आणि लसूण एकाच दिवशी स्थगित झाले. कुणी टोमॅटो म्हणालं, कुणी संत्री. काकूंच्या बहिणीनं फोनवरून सगळी कडधान्यं एका वाक्यात उडवली. चहा पोस्टमास्तरांनी नेला. गाजराबद्दल इमारतीत दोन तट पडले: काकूंच्या मते गाजरासारखं औषध नाही, पोस्टमास्तरांच्या मते गाजरासारखं विष नाही. वाद असेल तर पुस्तक निर्णय होईपर्यंत मागे ठेवावं हा नियम स्पष्ट होता. गाजर गेलं.

सल्ला नुसता खाण्यापुरता नव्हता. कुणी सांगितलं, की पाळण्याचं डोकं उंच करा. काकांनी पाळण्याच्या दोन पायांखाली ज्ञानकोशाचे खंड घातले, उजवीकडे दुसरा-तिसरा, डावीकडे पाचवा-सहावा. पाचवा खंड मूळचाच जाड. त्यामुळे बाईसाहेब घसरत घसरत उजव्या कोपऱ्यात जाऊन बसत आणि तिथून जगाकडे तिरक्या नजरेनं पाहत. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेनं हे ऐकलं आणि बजावलं, की झोपवायचं ते सपाट, पाठीवर, आणि पुस्तकं कपाटात ठेवायची. "पुस्तकं कपाटात ठेवायची" हे वाक्य आपल्याला कुणी ऐकवावं, हे काकांना त्या दिवशी फार झोंबलं.

पण खरं दुःख वेगळंच होतं. पाचव्या आठवड्यात स्थगित पदार्थ चौतीस झाले, आणि नोंदी पाहिल्या तर गुळण्या होत्या तेवढ्याच होत्या. पुरळ मात्र गेलं होतं. ते पहिले चार पदार्थ बंद केल्यावर बाराव्या दिवशीच गेलं होतं, असं कार्डं स्वच्छ सांगत होती. पण सूचीकार कार्डं लिहितो. वाचायची ती वाचकांनी, असं काकांना छत्तीस वर्षं वाटत आलेलं. शिवाय त्यांना एकदा जरी वाटलं, की हे बाकीचे तीस पदार्थ उगीचच अडकलेत, तरी लगेच मनात येई: आपण कोण ठरवणारे? आपण काही डॉक्टर नाही. पोस्टमास्तरही नव्हते, पण ते त्यांना सुचत नसे.

लेकीच्या ताटात तेव्हा भात, उकडलेला भोपळा, उकडलेला बटाटा आणि मीठ उरलं होतं. मिठाबद्दल अजून कुणी काही बोललं नव्हतं.

ही लेक मुळात गप्प बसणारी नव्हे. बापाच्या वाट्याचंही बोलणं तीच बोलून टाकायची. बाळाला आपणच पाजणार, हे तिनं प्रसूतिगृहातच सगळ्यांना ऐकवलं होतं, आणि पहिल्या महिन्यात रडत-ओरडत, दात-ओठ खात ते जमवलं होतं. तीच आता भिंतीला टेकून बसायची. उठताना खुर्ची धरायची. बाईसाहेबांना अंगावर घेतलं की म्हणायची, आज दूध कमी आहे का काय कोण जाणे. काकांनी त्याचंही कार्ड केलं.

आणि अशा वेळी जावयाची आत्या आली. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या घरात शिरल्या की खुर्च्यासुद्धा सरळ उभ्या राहत. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, कार्डांचा खण उघडून अक्षराचं कौतुक केलं, आणि पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढून टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला. गुरुवारी दवाखान्यात वजन आहे ना, त्या म्हणाल्या. वजन पुरेसं भरलं नाही, की अंगावरचं बंद, डबा सुरू. हट्टानं मुलं मोठी होत नाहीत.

लेकीनं बापाकडे पाहिलं. बापानं डब्याकडे पाहिलं. डब्यावर गुटगुटीत मूल हसत होतं. त्याच्या अंगावर ओघळ, गुळणी, काही म्हणता काही नव्हतं. काका म्हणाले, बघू. या शब्दाइतका निरुपयोगी शब्द भाषेत दुसरा नसेल, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

बुधवारी दुपारी काका वाचनालयातून लवकर परतले. बाईसाहेब पाळण्यात झोपलेल्या. लेक दिसेना. न्हाणीघराचं दार लोटलेलं, पण पाण्याचा आवाज नाही. काकांनी हळूच हाक मारली, उत्तर नाही. चक्कर येऊन पडली की काय, म्हणून त्यांनी दार ढकललं.

लेक उलट्या बादलीवर बसून पाव खात होती. शिंप्याच्या घरून मागून आणलेला, कोरडा, एक अख्खा पाव. गव्हाला त्या सोमवारीच चिठ्ठी लागली होती. तिच्या तोंडात घास होता. बापाला बघून तो तिला गिळताही येईना आणि टाकताही येईना.

"अगं," काका म्हणाले.

"बाबा, मला भूक लागते," लेक घास सावरून म्हणाली. "सारखी लागते. दोन वाजता लागते, चार वाजता लागते. भोपळा बघितला की रडू येतं."

"मग तू बोलली का नाहीस? तू तर..."

"कशी बोलणार? तुम्ही इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं. मोडवेना मला."

काकांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. ते म्हणाले, "चावून खा," आणि दार पुन्हा लोटून घेतलं. बाहेर उभं राहून त्यांनी पहिल्यांदाच आपली कार्डं आठवली, लिहिणाऱ्यासारखी नव्हे, वाचणाऱ्यासारखी. पुरळ बारावा दिवस. गुळण्या तेवढ्याच. मग अंडी कशासाठी? गाजर कशासाठी? पण उद्या गुरुवार होता. उद्या काटा काय बोलेल त्यावर सगळं होतं. वजन भरलं नाही, तर मुलीच्या हातून तिचं पाजणं जाणार होतं, आणि ते घालवणारे आत्या नव्हत्या, पोस्टमास्तर नव्हते. चिठ्ठी लावणारा हात एकच होता.

गुरुवारी दवाखान्यात गेले तर काट्याला सील. तपासनीस येऊन खूण करेपर्यंत काटा वापरायचा नाही. तपासनीस कधी येणार? सोमवारी, किंवा त्याच्या पुढच्या सोमवारी. डॉक्टरीणबाई? रजेवर. परिचारिका म्हणाली, तिनं "वजन झाले नाही" असं लिहिलं असतं, पण तसा रकाना नाही. रकाने दोनच, "समाधानकारक" आणि "असमाधानकारक". झालेलं नाही म्हणजे समाधानकारक म्हणता येणार नाही. बरोबर आलेल्या आत्यांनी एवढं ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे निकाल लागल्यासारखी.

इथे सूचीकाकांच्या हातून एक गोष्ट घडली, ती त्यांना स्वतःलाही पुढे बरेच दिवस खरी वाटत नव्हती. ते उठले, त्यांनी टोपी घातली, बाईसाहेबांना लेकीच्या हातून घेतलं, आणि "चल" म्हणून दवाखान्याबाहेर पडून शेजारच्या पार्सल कचेरीत शिरले. तिथे काटा होता. तो चालू होता, हे त्यांनी येतानाच पाहून ठेवलं होतं, कारण त्यावर कुणाचं तरी शिलाई मशीन ठेवलेलं होतं.

खिडकीतल्या पार्सलवाल्या बाई तोंडातली पिन काढून म्हणाल्या, की इथे माणसांचं वजन होत नाही. पार्सल असेल तर होतं. मग पार्सल समजा, काका म्हणाले. बाईंनी अर्ज पुढे सरकवला. काकांचा जीव अर्ज बघून जरा थाऱ्यावर आला. छापील होता. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, आतील वस्तूचं वर्णन. वस्तू मोडणारी आहे का? त्यांनी बाईसाहेबांकडे बघून "होय" लिहिलं. वस्तू जिवंत आहे का? होय. वस्तू गळणारी आहे का?

माणूस खोटं बोलणारा असता तर गोष्ट इथेच सोपी झाली असती. काकांनी खांद्याकडे पाहिलं आणि "होय" लिहिलं.

बाई अर्ज वाचून म्हणाल्या, गळणारी आणि जिवंत वस्तू आम्ही घेत नाही. नाकारावं लागेल. मागे रांगेत सहा माणसं होती. एरवी काका इथे "माफ करा" म्हणून घरी गेले असते आणि आठवडाभर मनातल्या मनात चांगली उत्तरं देत बसले असते. पण लेक काउंटर धरून उभी होती, आणि ती काउंटर कशासाठी धरते आहे हे आता त्यांना ठाऊक होतं.

"नाकारा," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण होता. "पण नाकारल्याची पावती देता ना? त्या पावतीवर वजनाचा रकाना असतो. वजन केल्याशिवाय तुम्हाला नाकारता येणार नाही."

बाईंनी पावतीपुस्तक उघडून पाहिलं. रकाना होता. त्यांनी काकांकडे थोड्या आदरानं पाहिलं, कारण सरकारी कागद एवढ्या बारकाईनं वाचणारा माणूस त्यांच्या खिडकीवर बहुधा पहिल्यांदाच आला होता.

बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळून काट्यावर ठेवलं. त्यांनी पाय झाडायला सुरुवात केली आणि काटा चारपासून नऊपर्यंत नाचू लागला. रांगेतला एक जण म्हणाला, गाणं म्हणा. दुसरा म्हणाला, दिवा दाखवा. शेवटी बाईच म्हणाल्या, असं नाही व्हायचं. आईसकट चढवा, मग आई एकटी चढू दे, आणि वजाबाकी करा. लेक बाळ घेऊन चढली. पंचावन्न किलो शंभर. मग बाईसाहेबांना आजोबांकडे देऊन एकटी चढली. एकोणपन्नास.

काकांनी वजाबाकी केली. सहा किलो शंभर. पाच आठवड्यांत सातशे ग्रॅम. त्यांनी पुन्हा केली, तेवढीच आली. बाईसाहेब अगदी ठणठणीत वाढल्या होत्या. काकांना आनंदानं काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. बाईसाहेबांनी नेमका तोच क्षण साधून त्यांच्या डाव्या खांद्यावर पहिल्या वर्गाचा ओघळ सोडला, आणि पार्सलवाल्या बाईंनी पावतीवर लिहिलं: नाकारले, कारण, गळते.

मग त्यांचं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे गेलं. बाळंतपणानंतरच्या तपासणीत लेक छप्पन्न होती. तेही कार्ड त्यांनीच केलं होतं.

पार्सलवाल्या बाईंनीही एकदा लेकीकडे पाहिलं. "यांना घरी जेवायला घालता की नाही?" त्या म्हणाल्या. विचारायचं म्हणून विचारलं होतं त्यांनी, शिक्का मारता मारता. पण मागची सहाही माणसं काकांकडे बघायला लागली.

दवाखान्यात परिचारिकेनं पावती घेतली. काटा परका असला तरी शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे तिचं काही चालत नव्हतं. तिनं "समाधानकारक" वर खूण केली. काका म्हणाले, आता आईचं वजन लिहा. ती म्हणाली, आईचा रकाना नाही. काकांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि कार्डाच्या समासात, दोन्ही रकान्यांच्या बाहेर, तिरक्या ओळीत लिहिलं: आई, सात किलो कमी.

"आजोबा, रकान्याबाहेर लिहू नका."

"रकाना चुकलाय तुमचा," सूचीकाका म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी समासात टिंबही दिलेलं नव्हतं.

परिचारिकेनं कार्ड वाचलं, मग डॉक्टरीणबाईंचं जुनं टिपण काढून वाचलं, आणि विचारलं, की फक्त दुधाचे पदार्थ दोन आठवडे बंद करायचे होते; बाकीचं कुणी बंद केलं? इथे कुणाचंही नाव घेता आलं असतं. नावांना तोटा नव्हता.

"मी," काका म्हणाले.

ती म्हणाली, की मग दुधाचं डॉक्टरीणबाई आल्यावर विचारून ठरवा. बाकीचं आजच सुरू करा. बाळ काही दिवस आणखी ओकेल, त्याला इलाज वाट बघणं. आईला मात्र वाट बघायला लावू नका.

खरी पंचाईत घरी होती. वजन भरल्याची बातमी आत्यांबरोबर त्यांच्या आधी जिना चढली होती, आणि इमारतीत ज्याचा त्याचा विजय झाला होता. पोस्टमास्तर म्हणाले, बघा, अंडी बंद केल्याचा गुण. काकू म्हणाल्या, अंडी कसली, कोबी. शिंपी कांद्याचं श्रेय कांद्याला आहे अशा चेहऱ्यानं उभा होता. आणि आत्या, ज्यांचा डबा टेबलावर न उघडता राहिला होता, त्या सगळ्यांत उदार झाल्या. म्हणाल्या, पथ्याचा उपयोग झाला हे मान्य. मग आता सहा महिने हेच चालू ठेवायचं. चौतीसचे चाळीस झाले तरी चालतील. आईनं मुलासाठी एवढं करायलाच हवं.

अपयशाशी भांडता येतं. एवढ्या सगळ्यांच्या यशाशी कसं भांडायचं, हे काकांना कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवेना. जिन्यावर चार माणसं, सगळी भली, सगळी त्यांच्या मुलीच्या हिताचं बोलणारी. उद्या यांच्याकडूनच किल्ली, शिडी आणि वर्तमानपत्र मागायचं होतं. काकांची जीभ नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसली.

लेक मागे पायरीवर टेकली होती. बाईसाहेब तिच्या मांडीवर.

"माझी मुलगी सात किलो वाळली," काका म्हणाले. कुणी ऐकलं नाही, कारण काका बोलत आहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज एवढा मोठा निघाला, की बाईसाहेबांनी पाय झाडायचे थांबवले. "माझी मुलगी सात किलो वाळली. तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. तुम्ही बोललात, मी चिठ्ठ्या लावल्या. आता मी काढणार आहे. दूध सोडून सगळ्या. आजच."

पोस्टमास्तर म्हणाले, पण अंडी तरी...

"अंडी आधी," काका म्हणाले.

आत्यांनी शाळेतला आवाज काढला. "आणि बाळ ओकलं तर?"

"ओकू दे. माझ्यावर ओकेल. तुम्हाला काय त्रास आहे?" एवढं बोलून झाल्यावर काकांना आपण मुख्याध्यापिकेशी बोलतोय हे जाणवलं. पण वाक्य तर बोलून झालं होतं. ते परत घेण्याचाही छापील अर्ज नव्हता.

"आत्या, डबा विसरू नका हं," लेक पायरीवरून म्हणाली. पाच आठवड्यांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खवचट वाक्य. ते ऐकून काकांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी स्वतः आत जाऊन डबा आणला आणि आत्यांच्या पिशवीत अदबीनं ठेवला.

मग त्यांनी वरचं कपाट उघडलं. चिठ्ठ्या काढायला वेळ लागला, कारण त्यांनी त्या चांगल्या डिंकानं चिकटवल्या होत्या. कांदा मोड येऊन बसला होता, कोबी तर ओळख विचारण्याच्या पलीकडे गेला होता. तो टाकून द्यावा लागला. पाच आठवडे मागच्या खोलीत ठेवल्यावर काय होतं, हे पुस्तकांच्या बाबतीत त्यांना कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि अंडी, टोमॅटो, संत्री, गाजरं, ताजा पाव असं दोन हातांत मावेल तेवढं घेऊन आले. एका मागोमाग एक करावं, एकदम सगळं नको, असा एक विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी लेकीच्या मनगटाकडे पाहिलं आणि तो विचार सोडून दिला.

कांदा-टोमॅटो घालून अंडी त्यांनीच केली. ती जमली नाहीत. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली. लेकीनं तवाच पुढ्यात ओढला आणि पावानं पुसून खायला सुरुवात केली. बाईसाहेब आजोबांच्या खांद्यावरून हे कौतुकानं पाहत होत्या. काही वेळानं त्यांनी छताकडे विचारपूर्वक बघितलं.

ते कारंजं होतं, त्यात शंका नव्हती. ताजं. उजवा खांदा, कॉलर आणि थोडं कानामागे. काकांचा हात सवयीनं पेनाकडे गेला. लेक खाता खाता थांबली आणि घास तसाच हातात धरून बापाकडे बघू लागली.

काकांनी पेन खिशात ठेवलं. "तू जेव," ते म्हणाले.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात पोस्टमास्तर होते. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. अंड्यांविषयी काल-परवाच छापून आलेलं नेमकं सापडलं, म्हणाले, म्हटलं पोरीला दाखवावं. सूचीकाकांच्या कॉलरवरून दूध ठिबकत होतं. त्यांनी कात्रण घेतलं नाही. छापील मजकूर कुणी पुढे केला आणि त्यांनी घेतला नाही, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"ती जेवतेय," ते म्हणाले. "नंतर या. किंवा येऊ नका."

आणि त्यांनी दार लावलं. लावल्याबरोबर त्यांना वाटलं, आपण फार कठोर झालो. पोस्टमास्तर म्हातारे, एकटे, शिडी नेहमी आनंदानं देणारे. दार उघडून माफी मागावी, कात्रण घ्यावं, निदान वरवर चाळावं. कडीवर हात ठेवून ते दाराआड बराच वेळ उभे राहिले, एका खांद्यावर नात आणि दुसऱ्यावर सगळ्या इमारतीचं मन.

स्वयंपाकघरातून तव्याच्या कडेवर अंडं फोडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. काकांनी कडी आतून घालून टाकली.